यंत्राचे दिव्य



ज्या कै. वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दप्तरातील बहुतेक कज्जे बांधाचे, वहिवाटीचे आणि पाटाच्या पाण्याचे होते. आणि वस्तू कोणाच्या कबजात आहे, तिच्यावर मालकी कोणाची आहे, व हक्क सांगणाऱ्याने तो हक्क न्यायालयाची पायरी न चढता स्वतःच्या हाताने बजावून घ्यावा की नाही, हे तीन प्रश्न त्या साऱ्या कज्ज्यांच्या बुडाशी असत. मी आज ज्या प्रकरणाचा ऊहापोह करणार आहे ते स्कॉटलंडातील एका कंपनीचे आणि नखाएवढ्या एका चिपेचे आहे. परंतु ते उलगडून पाहिले म्हणजे आत हेच तीन प्रश्न सापडतात, आणि तिसऱ्या प्रश्नाचे त्या कंपनीने दिलेले उत्तर मला मान्य नाही, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत माझा कल ओळखत बसण्याचे श्रम श्रोत्यांना पडणार नाहीत.

ग्लासगो येथे १९९२ साली स्थापन झालेली ‘फ्यूचर टेक्नॉलॉजी डिव्हायसेस इंटरनॅशनल’ ही कंपनी, जिला तिच्या आद्याक्षरांवरून सर्वत्र एफटीडीआय म्हणतात, ती मुख्यतः एका दुभाष्याच्या जोरावर नावारूपास आली. वजनकाटे, मापनयंत्रे, कारखान्यांतील नियंत्रक, प्रयोगशाळांतील उपकरणे ही सारी पूर्वी ‘सिरियल’ नावाच्या एका साध्या भाषेत संगणकाशी बोलत. पुढे संगणकांवरून त्या भाषेचे द्वारच नाहीसे झाले आणि त्याच्या जागी यूएसबी आले, तेव्हा या दोहोंच्या मध्ये बसून एकाचे बोलणे दुसऱ्यास समजावणारी जी चिप या कंपनीने बनवली, ती एफटी-२३२ या नावाने जगभर पसरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून ज्याने एकदा तरी हिंडून पाहिले आहे, किंवा ज्याच्या घरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आर्डुइनोच्या इवल्याशा पाटीवर दिवे उघडझाप करून दाखवले आहेत, त्याच्या दृष्टीस ही चिप, तिचे नाव त्याला ठाऊक नसले तरी, पडलेली असण्याचा संभव पुष्कळ आहे.

या दुभाष्याच्या धंद्याची रचना जरा समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा तंटा तिच्यातून उद्भवला. चिप संगणकास जोडली की ती प्रथम दोन क्रमांक सांगते: ०४०३ हा कंपनीचा आणि ६००१ हा वस्तूचा. ते ऐकून संगणक कंपनीने लिहिलेला ‘ड्रायव्हर’ नावाचा आज्ञासंच पुढे करतो आणि मग संभाषण सुरू होते. हा ड्रायव्हर कंपनी विनामूल्य देते. त्याच्या लेखनाचा, त्याच्या डागडुजीचा आणि संगणकांच्या प्रत्येक नव्या पिढीगणिक तो अद्ययावत ठेवण्याचा खर्च चिपेच्या किमतीतून वसूल होतो. म्हणजे तोतया चिप बनवणाऱ्याला दोनच गोष्टी कराव्या लागतात: अंगावर कंपनीचे नाव छापायचे आणि तोंडाने कंपनीचे क्रमांक सांगायचे. उरलेले काम, आणि तेच खरे कष्टाचे, ज्याची चोरी झाली तोच चोरासाठी फुकट करून देतो. इतकेच नव्हे, तर तोतया चिप बिघडली म्हणजे ग्राहक शिव्यांची लाखोली ज्याचे नाव वर छापले आहे त्याच्याच पदरात घालतो. तेव्हा कंपनीची फिर्याद खोटी होती असे मी मुळीच म्हणत नाही. ती खरी होती, आणि माझ्या मते पुरेशी गंभीरही होती.

येथे अनुकरण आणि तोतयेगिरी यांत भेद केला पाहिजे. चीनमधील एका कंपनीने सीएच-३४० या नावाची चिप बनवली, जी तेच काम करते, अत्यंत स्वस्त मिळते, आणि स्वतःचे नाव, स्वतःचा क्रमांक व स्वतःचा ड्रायव्हर घेऊन बाजारात उभी राहते. तिच्याविषयी कोणास तक्रार करता येणार नाही, कारण बाजारपेठेत स्पर्धा म्हणतात ती हीच. केवळ क्रमांक उचलणे ही मधली पायरी आहे, आणि तिच्याविषयी कायदेपंडितांत मतभेद होऊ शकतात: अमेरिकेत सेगा आणि अ‍ॅकोलेड या दोन कंपन्यांच्या खटल्यात, १९९२ साली, अपील न्यायालयाने असे ठरवले की यंत्राचे कुलूप उघडण्यासाठी नावाची चार अक्षरे हीच किल्ली म्हणून ठेवली, तर ती अक्षरे वापरणाऱ्याला नाममुद्रेचा चोर ठरवता येत नाही आणि त्यातून होणाऱ्या गैरसमजाचा दोष किल्ली तशी घडवणाऱ्याकडे जातो. परंतु अंगावर दुसऱ्याचे नाव छापणे ही तिसरी पायरी निर्विवाद फसवणुकीची आहे. २०१४च्या आरंभी काही अभ्यासकांनी अशा चिपांचे कवच उतरवून आतील भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तोतयाची आतील रचना अस्सलाची नक्कल नसून अगदी निराळीच आहे, आणि एका सामान्य नियंत्रक चिपेला अस्सलासारखे वागण्याचे शिकवून उभे केले आहे, असे दिसून आले. बाहेरून मात्र दोघी जुळ्या.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. २०१४च्या शरद ऋतूत कंपनीने ड्रायव्हरची नवी आवृत्ती काढली आणि ती विंडोज अपडेटच्या मार्गाने, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ज्या वाटेने सुरक्षिततेच्या दुरुस्त्या घरोघर पोचवते त्याच वाटेने, लक्षावधी संगणकांत जाऊन बसली. थोड्याच दिवसांत लोकांची चांगली चालणारी उपकरणे एकाएकी मुकी झाली. शोध घेणाऱ्यांनी ड्रायव्हर उकलून पाहिला तेव्हा जी युक्ती हाती लागली ती, कारागिरी म्हणून पाहिल्यास, वाखाणण्यासारखी आहे. अस्सल चिपेच्या स्मृतिकोशात दोन-दोन कप्प्यांची जोडी असते. सम क्रमांकाच्या कप्प्यात लिहिण्याचा हुकूम आला की ती तो नुसता हातात धरून ठेवते, आणि लगतच्या विषम कप्प्याचा हुकूम आल्यावरच दोन्ही एकदम दाखल करते. तोतया चिपेला ही खोड नाही. तिला सांगितले ते ती तत्काळ लिहून मोकळी होते. नव्या ड्रायव्हरने फक्त सम कप्प्यांचे हुकूम सोडले: एकात वस्तूचा क्रमांक म्हणून शून्य, आणि दुसऱ्यात असा एक आकडा की ज्यायोगे शेवटची पडताळणीची बेरीज बिनचूक जुळावी. अस्सल चिपेवर याचा काडीमात्र परिणाम होत नाही. तोतया चिप मात्र त्या क्षणापासून आपला क्रमांक ६००१ ऐवजी ०००० सांगू लागते, आणि शून्य क्रमांकाच्या वस्तूला त्या वेळी कोणताच ड्रायव्हर ओळख देत नव्हता. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. कारण शून्य एखादे वेळी अपघाताने लिहिले जाऊ शकेल, पण बेरीज जुळवून ठेवणे अपघाताने होत नाही.

मराठी राज्यातील न्यायपद्धतीचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना येथे रवादिव्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहर करायची, आणि काही दिवसांनी तो उघडून पाहायचा: निर्मळ निघाला तर पक्ष खरा, पोळलेला निघाला तर खोटा. ड्रायव्हरच्या युक्तीचे वैशिष्ट्य हेच आहे की तिच्यात चौकशी आणि शिक्षा ही दोन निराळी कामे नाहीत. आधी खरेखोटे पाहून मग दंड, असा क्रम नसून, दंड सर्वांनाच करायचा आणि ज्याला तो बाधेल तो खोटा, अशी व्यवस्था आहे. दिव्याची तरफदारी मी करणार नाही. ते नाहीसे झाले हे फार चांगले झाले. परंतु त्या जुन्या पद्धतीचा सारा सरंजाम आठवून पाहा. दोन्ही पक्षांच्या तक्रिरी लिहून घेतल्या जात, निर्णय मान्य करीन असा राजीनामा व त्याला जामीन घेतले जात, गोत आणि मजलस समोर बसलेली असे, आणि शेवटी महजर होऊन त्यावर साक्षी पडत. ज्याचा हात तेलात जाई त्याला आपला हात कोठे आणि कशासाठी जात आहे याची पुरती जाणीव असे, व पोळलाच तर तो दावा सांगणाऱ्याचा किंवा त्याने पुढे केलेल्या माणसाचा हात असे. २०१४ सालच्या दिव्यात तक्रीर नव्हती, राजीनामा नव्हता, साक्षीदार नव्हते. आणि पोळला तो हात तोतया चिप घडवणाऱ्याचा नव्हता, विकणाऱ्याचाही नव्हता. त्यांना त्यांचे पैसे कधीच मिळून चुकले होते.

मग पोळला कोण? ही चिप आपण भाजीसारखी निवडून घेत नाही. ती कारखानदाराकडून घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून दलालाकडे, दलालाकडून पाटी बनवणाऱ्याकडे, आणि तिच्या पोटात बसून शेवटी एखाद्या वर्कशॉपात, शाळेत किंवा दवाखान्यात पोचते. आणि या साखळीत अनेकदा पाटी बनवणाराच फसलेला असतो, मग शेवटच्या माणसाने चिप ओळखावी ही अपेक्षा तर दूरच राहिली. अशा अजाण ग्राहकाविषयी जगातील कायद्यांनी विचार केलेला नाही असेही नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील ३७वे कलम चिपांच्या रचनेच्या चोरीसंबंधीचेच आहे, आणि ते असे सांगते की चोरलेल्या रचनेची चिप ज्याने न जाणता घेतली तो गुन्हेगार नव्हे. त्याला पुढे सूचना मिळाली, तरीदेखील हातातला साठा त्याने वापरावा, फक्त हक्कदारास वाजवी मोबदला द्यावा. आपल्याकडील २०००च्या अर्धवाहक रचनाविषयक अधिनियमातही हेच तत्त्व आले आहे. प्रस्तुत प्रकरणात तर रचनेची चोरीही नव्हती, केवळ नावाची होती. आणि ज्या कायद्याने मोठ्या अपराधातल्या अजाण माणसाला सांभाळून घेतले, त्याच्याच भावनेने पाहिले तर लहान अपराधातल्या अजाण माणसाची वस्तू निकामी करण्याला आधार सापडत नाही.

नावाच्या चोरीपुरते बोलायचे तर आपला १९९९चा ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट पाहण्यासारखा आहे. त्यातील कलमे मी ग्लासगोला लावायला निघालो नाही. हक्कदाराचा राग कायदा कोणत्या चाकोरीतून वाहू देतो एवढेच त्यातून दाखवायचे आहे. खोट्या नाममुद्रेचा माल वॉरंटाशिवाय जप्त करण्याचा अधिकार तेथे पोलिसांना आहे, पण उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्यास नाही, आणि त्यानेही आधी रजिस्ट्रारचे मत घेऊन त्याप्रमाणेच चालायचे. शिवाय जप्त झालेल्या वस्तूत ज्याचा हितसंबंध असेल त्याला पंधरा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे ती परत मागण्याचा अर्ज करता येतो. सरकारी शिक्क्याच्या माणसावर जेथे इतके निर्बंध, तेथे एक खाजगी व्यापारी संस्था, जिच्या बाजूने खुद्द तिचाच राग हा एकमेव साक्षीदार आहे, ती हजारो मैलांवरून दुसऱ्याच्या कबजातील वस्तूत हात घालून तिची ओळख पुसून टाकते, याला अंमलबजावणी म्हणता येणार नाही.

कंपनीच्या बाजूने एक मुद्दा हटकून पुढे येतो. ड्रायव्हरबरोबरच्या करारनाम्यात असे लिहिले होते की अस्सल नसलेल्या भागावर हा ड्रायव्हर वापरल्यास त्या भागाचे कायमचे नुकसान होऊ शकेल. लिहिले होते, यात शंका नाही. पण जो ड्रायव्हर रात्रीच्या वेळी आपोआप येऊन बसतो, त्याचा करारनामा वाचला कोणी आणि मान्य केला कोणी? आणि समजा एखाद्या फावल्या वेळच्या माणसाने वाचला, तरी आपली चिप अस्सल की तोतया हे त्याला ठाऊक नसल्यामुळे त्या इशाऱ्याचे त्याने करावे काय? ज्या इशाऱ्याने सावध होण्याचे साधनच वाचणाऱ्याच्या हाती नाही, तो इशारा ग्राहकासाठी लिहिलेला नसून पुढच्या कज्ज्यासाठी लिहिलेला असतो. वकिलांच्या सहवासात आयुष्य गेले असल्यामुळे असे मसुदे मला वासावरून ओळखता येतात.

बोभाटा झाल्यावर, २०१४च्याच ऑक्टोबरात, तो ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून काढून घेण्यात आला, आणि कंपनीच्या प्रमुखांनी असे निवेदन केले की तोतया वस्तूंविरुद्धची आमची भूमिका कायम राहील, मात्र यापुढे वापरणाऱ्याच्या यंत्राला थेट धक्का लागणार नाही. ज्यांना या विद्येत गती होती त्यांनी पुसलेला क्रमांक पुन्हा लिहून आपापली यंत्रे जागी केली, आणि लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तर तो ०००० क्रमांकही ओळखीच्या यादीत दाखल करून घेण्यात आला. म्हणजे नुकसान कायमचे नव्हते, हे न्यायबुद्धीने कबूल केले पाहिजे. परंतु ते ज्ञात्यांपुरते. ज्याचे यंत्र बंद पडले आणि ज्याला कारणाचा पत्ताच लागला नाही, त्याने ते मोडीत काढले असणार, आणि त्याची गणती कोणत्याच दप्तरात नाही.

यानंतरचा दुसरा प्रयोग २०१६च्या आरंभीचा, आणि तो पहिल्याइतका गाजला नाही. या खेपेस चिपेला हात लावला नाही. तोतया चिप आढळली की नवा ड्रायव्हर वाहत्या माहितीच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ हा मजकूर सोडू लागला. सकृद्दर्शनी ही सुधारणा वाटते, आणि अनेकांनी तशी ती मानलीही. माझे मत थोडे निराळे आहे. दुभाष्याने ‘मी तुझे काम करणार नाही’ म्हणून उठून जावे हा त्याचा अधिकार आहे. पण आसनावर बसून राहून दोन्ही पक्षांच्या तोंडी भलतेच शब्द घालावेत, हा अधिकार त्याला कोणी दिला? ही माहिती वाचणारा नेहमी माणूसच असतो असे नाही. पलीकडे एखादे मापनयंत्र असेल, भट्टीचे तापमान नोंदवणारा संगणक असेल, सुटी अक्षरे आज्ञा म्हणून घेणारा नियंत्रक असेल. त्याच्या कानी पडलेले हे बोल त्याला इशारा वाटणार नाहीत, ते त्याला आकडे किंवा हुकूम वाटतील. मुके झालेले यंत्र निदान आपण मुके झालो हे लपवत नाही.

वस्तुतः कंपनीच्या हाती एक अत्यंत मौल्यवान गोष्ट होती, जी साऱ्या साखळीत दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. दलालाला जे कळत नव्हते, पाटी बनवणाऱ्याला कळत नव्हते, ग्राहकाला तर कधीच कळले नसते, ते तिच्या ड्रायव्हरला क्षणात कळू शकत होते: ही चिप तोतया आहे. ज्याला एकट्यालाच असे ज्ञान असते त्याच्यावर त्या ज्ञानामुळेच एक कर्तव्य येऊन पडते, आणि ते सांगण्याचे कर्तव्य आहे. पडद्यावर एक चौकट उघडून, ‘तुमच्या उपकरणातील चिप आमची नाही, विकणाऱ्याकडे चौकशी करा, अमुक तारखेनंतर हा ड्रायव्हर तिच्याशी बोलणार नाही’ असे स्वच्छ शब्दांत कळवले असते, तर तोच ग्राहक पावती घेऊन दुकानदाराच्या दारात उभा राहिला असता, दुकानदार दलालाच्या, आणि अशा रीतीने फसवणुकीचा माग उलट्या दिशेने मुळापर्यंत जाण्याची निदान शक्यता निर्माण झाली असती. तारीख उलटल्यावर सेवा नाकारली असती तरी मी तिला दोष दिला नसता. आपली विद्या कोणाला फुकट द्यावी आणि कोणाला देऊ नये हे ठरवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण कळले असूनही बोलायचे नाही आणि न बोलता मारायचे, या वागण्यामुळे फसलेला ग्राहक हा कंपनीचा साक्षीदार व्हायचा तो तिचा शत्रू झाला.

खोट्या नोटेचा दाखला येथे कोणीतरी देईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. बँकेत भरणा करताना नोट खोटी निघाली तर ती जप्त होते आणि मोबदला मिळत नाही. म्हणजे अजाण माणसाची झळ कायद्याला अगदीच अमान्य आहे असे नव्हे. पण रिझर्व्ह बँकेने ही जप्ती कशी बांधून दिली आहे ते पाहावे: नोटेवर तसा शिक्का मारायचा, ती आणणाऱ्याला पोच द्यायची, एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित अहवाल, आणि पाच किंवा अधिक असतील तर फिर्याद. नोट फिरत राहिली तर उद्या दुसरा कोणी फसणार म्हणून ती चलनातून काढावीच लागते. यंत्राच्या पोटात घट्ट डकवलेली चिप कोठे फिरत नाही. आणि ज्याची नोट गेली त्याला, ती का गेली हे सांगणारा कागद तरी मिळतो.

हा शिरस्ता एकदा पडला म्हणजे तो तोतयांपुरता राहत नाही, याचे प्रत्यंतर त्याच २०१६ साली आले. १३ सप्टेंबर या दिवशी एचपी कंपनीच्या अनेक छपाईयंत्रांनी इतर कारखानदारांच्या शाईच्या कुप्या नाकारण्यास सुरुवात केली, ज्या कालपर्यंत बिनबोभाट चालत होत्या. यंत्रातील सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख आधीच पेरून ठेवलेली होती. त्या कुप्यांपैकी पुष्कळ स्वतःच्या नावाने विकल्या गेलेल्या, कोणाचेही सोंग न घेतलेल्या. लोकक्षोभानंतर कंपनीने दिलगिरी व्यक्त करून निर्बंध काढणारे सॉफ्टवेअर दिले खरे, पण ‘खोट्यापासून संरक्षण’ हे शब्द ‘परक्यापासून संरक्षण’ या अर्थाने वापरण्यास किती थोडा अवधी पुरतो हे दिसून आले.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे संकेतस्थळही सुरू झाले. तेथील चर्चेचा भर सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दुरुस्तीची सोय यांवर आहे, आणि तो योग्यच आहे. त्यात एका कलमाची भर पडावी असे मला वाटते: विकून झालेल्या वस्तूत जो कोणी नंतर सॉफ्टवेअर पाठवील, त्याला त्या वस्तूतील कोणत्याही भागाची नोंद बदलण्याची, किंवा त्याच्यामार्फत जाणाऱ्या माहितीत फेरफार करण्याची मनाई असावी, आणि सेवा नाकारायची असेल तर ती वापरणाऱ्याच्या भाषेत, पडद्यावर, मुदतीची नोटीस देऊन नाकारावी. हे कलम ड्रायव्हर लिहिणाऱ्याइतकेच तो घरोघर पोचवणाऱ्यालाही लागू असावे, कारण २०१४ साली लोकांनी दार उघडले होते ते एफटीडीआयसाठी नव्हे. विंडोज अपडेटने येणारी गोष्ट आपल्या हिताची असते या भरवशावर ते उघडले गेले होते. आणि तो भरवसा एकदा डळमळला की माणसे अपडेटच बंद करून ठेवतात आणि खऱ्या चोरांना वाट मोकळी होते. कंपन्या म्हणतील की अशा नोटिशीने तोतयांना सावध होण्यास वेळ मिळेल. मिळेल, ड्रायव्हर उकलून पाहणारे लोक त्यांच्याकडेही आहेत, आणि २०१४ सालची युक्ती त्यांना नोटीस न देताच समजली होती.